मे महिन्यात हिटर लावून छिंदवाड्याला

आम्ही महालातून निघालो तेव्हा दुकानांच्या फळ्या अजून उघडायच्या होत्या, पण गाडीच्या टपाला हात लावला तर चटका बसला. रात्रभर नुसती उभी होती बिचारी. नागपूरचा मे महिना असाच असतो, रात्रीसुद्धा तो झोपत नाही, नुसता कूस बदलतो.

गाडीत आम्ही तिघं होतो. चाक धरायला आमचे हे. हे हिंगण्याला कारखान्यात सुपरवायझर होते, त्यामुळे कुठलंही यंत्र बंद पडलं की आधी ओरडायचं कोणावर ते शोधायचे. मागच्या सीटवर मी, मांडीवर पानाचा डबा, शेजारी संत्रा बर्फीची खोकी. आणि पुढे ह्यांच्या बाजूला माझा धाकटा भाऊ मधू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. छिंदवाड्याला आमच्या अक्काच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या बहिणीच्या, धाकट्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त गोरज. आणि मधू हा नवरीचा सख्खा मामा, एकुलता एक.

मामाचं काम तसं सोपं. नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. देवानं दोन पाय दिले असले की भागतं. पण मधूला एकदा तेही जमलं नव्हतं. त्याचं महालात कूलर बनवायचं दुकान. आमच्याकडे लग्नं मे महिन्यात होतात आणि कूलर बिघडतात तेही मे महिन्यात, त्यामुळे उन्हाळाभर मधू कुठेच पूर्ण हजर नसतो. मोठ्या भाचीच्या लग्नाला तो वेळेवर पोचला होता, पंगतीत जेवलाही होता. तेवढ्यात वरपक्षाच्या बिऱ्हाडातला कूलर बंद पडला, कोणीतरी हाक मारली, हा "आलोच" म्हणून गेला आणि इकडे अक्षता पडल्या. मुलीच्या पाठीशी ऐनवेळी शेजारचे एक गृहस्थ उभे केले, ज्यांना तिचं नावही धड ठाऊक नव्हतं. फोटोत आजही ते आहेत, अगदी सख्ख्या मामासारखे गहिवरलेले.

तेव्हापासून अक्का मधूशी एक शब्द बोलली नव्हती. या वेळी तिनं येणाऱ्या माणसाच्या हाती मला निरोप धाडला. "त्याले वेळेवर आणाची जबाबदारी तुयी. अन् त्याच्याजवळ पाना, पक्कड, पेचकस काही दिसलं तर दोघांलेही दारातूनच परत पाठवीन. या बारीले उभा राहिला तर तो मामा, नाही तर माह्यासाठी तो मेला."

मधूनं हत्यारांची पेटी घरी ठेवली. सवयीनं दोनदा खिसे चाचपले आणि मग हात मांडीवर ठेवून बसला, नखं कापलेल्या मांजरासारखा.

आता गाडीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिचं आहे. देहरादूनकडून बदलून आलेल्या एका साहेबांकडून ह्यांनी ती घेतली होती. काळी, गोल पाठीची, थंड गावात वाढलेली. आम्ही तिला साहेबीण म्हणायचो. तिला हिटर होता. हिटर म्हणजे काय, तर इंजिनातलं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि मागून पंख्यानं फुंकर घालून ती ऊब माणसांच्या अंगावर सोडायची. नागपुरात त्याचा उपयोग टकल्याच्या कोनाड्यातल्या फणीइतकाच. पण मधू पडला कूलरवाला. पंखा दिसला आणि त्याच्या तोंडाशी ओलं खस (वाळा) बांधलं नाही, असं त्याच्या हातून होत नाही.

"भाऊजी, हिटरचा कूलर करून देतो," तो आठवड्याभरापूर्वी म्हणाला होता. "अख्ख्या नागपुरात अशी गाडी कोणापाशी नाही."

"काहून नाही, ते इचारलं का कोणाले?" हे म्हणाले.

त्यानं विचारलं नाही. गरम पाण्याची तोटी बंद केली, बॉनेटखाली पंख्याच्या तोंडाशी खसाची गादी तांब्याच्या तारेनं बांधली आणि वर पाण्याचा एक डबा टांगला, थेंब थेंब गळणारा.

खोटं कशाला बोलू, सावनेरपर्यंत मी स्वर्गात होते. बाहेर झळा, रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या बागा धुळीनं पांढऱ्या झालेल्या, आणि आत वाळ्याचा गार सुगंधी वारा. ह्यांनीसुद्धा "बरं हाय" एवढं म्हटलं. ह्यांच्या तोंडून "बरं हाय" म्हणजे लोकांच्या तोंडची पोवाड्याची चार कडवी.

सावनेर सोडलं आणि पंखा थांबला. मधूनं बटण वर-खाली केलं, दोन बुक्क्या मारल्या. मग म्हणाला, "खस सुकलं असंन," आणि डिकीतला पाण्याचा कॅन आणून सगळाच्या सगळा खसावर ओतला. पंखा काही हलला नाही. आम्ही काचा खाली केल्या आणि झळा खात पुढे निघालो.

सौंसरला चहा-नाश्त्याला थांबलो आणि भर दुपारचं ऊन टळेपर्यंत तिथेच बसलो. हॉटेल म्हणजे बांबूवर टाकलेलं टिनपत्र, पण पातोडीचा रस्सा असा की डोळ्यांतून पाणी यावं. वरून सांबार (कोथिंबीर) मूठभर. हॉटेलवाला आमच्या कपड्यांकडे पाहून म्हणाला, "लग्नाले चालले वाट्टे."

"हो. हा नवरीचा मामा."

त्यानं मधूकडे नीट पाहिलं. "मंग येवढं तोंड पाडून काहून बसला? पोरगी याची जाऊन राहिली का बायको?"

मधू हसला नाही. मला हळूच म्हणाला, "ताई, अक्का बोलंन का वं माह्याशी?"

"आधी उभा राहून दाखव," मी म्हटलं. "मंग पाहू."

रामाकोना मागे पडलं, सपाट काळी शेतं संपली आणि सिल्लेवानीच्या घाटाचा डोंगर समोर आला. उन्हाळ्यातलं सागाचं रान मी पहिल्यांदाच पाहत होते. झाडांवर पान नाही, सगळी पानं खाली, वारा आला की पंगतीच्या उष्ट्या पत्रावळींसारखी वाजणारी. मी ते ऐकत होते आणि तेवढ्यात हे म्हणाले, "गरमीचा काटा वर चालला." पहिल्याच वळणापाशी साहेबिणीनं नाकातून वाफ सोडली.

गाडी थांबवली. पाणी हवं. पाणी कुठे, तर खसात. ह्यांनी मधूकडे पाहिलं. मी मधे पडले, कारण सुपरवायझरला ओरडायला माणूस सापडला होता.

रस्त्याखाली एक खोपटं होतं, विहीर होती, आणि एक बाई पाणी शेंदत होती. माझ्याच वयाची, लुगड्याचा काष्टा मारलेली. मी हाक मारली तशी ती डोल (लोखंडी बादली) भरून वरच आली.

"मोटारीले ताप आला का वं बाई?"

"लय आला."

"मंग पाजून काय राहिले, कपाळावर पट्टी ठेवा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की अर्धं पाणी तिथेच सांडलं. पुन्हा भरून आणलं बिचारीनं. गाडी जरा निवली, मग ओल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण दमानं उघडून पाणी घातलं, डिकीतला कॅनही भरून घेतला आणि निघालो. चार वळणं चढलो नाही तो पुन्हा वाफ.

आता सूर्य उतरायला लागला होता. घाट पुष्कळ बाकी, घाटानंतरही रस्ता बाकी. वरून कोळशाचा एक ट्रक येत होता. ड्रायव्हरनं आमची वाफ पाहिली आणि थांबला. तोंड कोळशानं इतकं काळं की नुसते डोळे आणि दात बोलत होते.

"हिटर हाय का गाडीत?"

"हाय," हे म्हणाले.

"मंग लावा नं."

"मे महिन्यात?"

"मंग काय पोळ्याची वाट पाह्यता? इंजिनाची गरमी आत घ्या. तुम्ही घामाजा, म्हंजे थे थंड राहीन. दोघांतून एकाले तं शिजाच लागते." आणि हसत हसत उतारावरून गेलासुद्धा.

ह्यांनी त्याला वेड्यात काढलं. पण मला पटलं. दुधाचा गंज (पातेलं) उतू जायला लागला की आपण फुंकर घालतोच ना? हिटरचा पंखा म्हणजे तीच फुंकर, फक्त तोंड आपल्याकडे. मधूनं गरम पाण्याची तोटी उघडली, खसाची गादी सोडून बाहेर काढली आणि बटण दाबलं.

काही नाही.

"ताई," मधू दोन्ही हात पसरून म्हणाला, "पक्कड नाही, पेचकस नाही. आता काय दातानं उघडू?"

मी पानाचा डबा उघडला आणि अडकित्ता काढून त्याच्या हातात दिला. आमच्या वडिलांचंही कूलरचंच दुकान. मी शाळेत फार गेले नाही, पण ते कूलरच्या मोटारींत तांब्याची तार भरताना त्यांच्यापाशी बसून सुपारी कातरून द्यायचे. बसल्या बसल्या काय काय डोक्यात गेलं ते मलाही कोणी विचारेपर्यंत ठाऊक नसतं.

"हॉर्न वाजवा," मी ह्यांना म्हटलं. वाजला. म्हणजे बॅटरी जिवंत होती. फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार साबूत होती. मग गाडीच्या छताचा छोटा बल्ब काढला. खस बांधायची तांब्याची तार होतीच, तिच्यावरचं रोगण अडकित्त्यानं खरवडलं आणि बल्बला दोन शेपट्या लावल्या. एक शेपटी गाडीच्या अंगावरच्या चकचकीत बोल्टला, दुसरी बटणामागे. बल्ब लागला. तीच दुसरी शेपटी पंख्याला जाणाऱ्या तारेला टेकवली. तिथेही लागला.

"करंट पोचून राहिला, पंखा फिरत नाही," मधू म्हणाला. "म्हंजे मोटर जळली." आणि दगडावर जाऊन बसला. बसला तो असा की उठायचं कारणच उरलं नाही.

मी मोटरीला नाक लावलं. जळालेल्या मोटरचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर सुटत नाही. इथे फक्त वाळ्याचा वास होता.

"जळली नाही," मी म्हटलं. "पण मले एक सांग, घरच्या पंख्याले दोन तारा असतात. याची दुसरी कुठं गेली?"

हे बॉनेटवर रेलून उभे होते. म्हणाले, "मोटारीत दुसरी तार नसते वं. गाडीचं अंगच दुसरी तार. बॅटरीची एक बाजू अंगालेच बांधून असते. करंट तारेनं येते आणि अंगातून वापस जाते."

"अन् वापस जाले रस्ताच नसंन तर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बल्बची बोल्टवरची शेपटी काढून पंख्यातून गाडीच्या अंगाकडे जाणाऱ्या काळ्या तारेला लावली, दुसरी होती तिथेच. बल्ब लागला नाही.

"येते पण जात नाही," हे म्हणाले.

"तुमच्या बहिणीवानी," मी म्हटलं.

मधू दगडावरून उठला. ती काळी तार बोटानं चाचपत खाली गेला. जिथे ती एका स्क्रूनं गाडीच्या पत्र्याला बांधलेली होती, नेमक्या त्या जागी आठवडाभर त्याच्या डब्यातलं पाणी टपकत होतं. स्क्रूवर हिरवट-पांढरी बुरशी जमली होती, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर जमते तशी. तार नुसती टेकली होती, पकड काही नव्हती.

"खस तुयं, पाणी तुयं," हे म्हणाले, "अन् मामा बी तूच."

मधूनं नाण्यानं स्क्रू सैल केला, अडकित्त्याच्या टोकानं पत्रा आणि तार खरवडून चकाकी काढली आणि पुन्हा कसला. बटण दाबलं. पंखा हुं हुं करायला लागला, पण फिरेना. रुसलेला नवरा जेवायला बोलावल्यावर करतो तसा.

"बंद कर, बंद कर," मी ओरडले. "अडकला हाय. असाच ठेवशीन तर आता खरंच जळंन."

पंख्याच्या दांड्याला खसाच्या काड्या गुंडाळल्या होत्या. केसांत खोचलेला आकडा काढून मी एकेक ओढून काढली, गुंता झालेल्या केसांसारखी. मग पुन्हा बटण. या वेळी पंखा फिरला आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर आली. इतक्या घाणेरड्या वाऱ्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्या बाईच्या विहिरीचं कॅनमधलं पाणी घालून जो घाट चढलो, तो मी कधी विसरायची नाही. बाहेर लू, आत हिटर. चारी काचा खाली, तरी आतली हवा बाहेर जायला तयार नाही. ह्यांच्या चष्म्यावरून घाम गळत होता. संत्रा बर्फीनं वड्यांचा आकार सोडला आणि खोक्यातून माझ्या जरीच्या पातळावर उतरली. पण काटा मधल्या खुणेवर जाऊन बसला आणि हलला नाही. मधू मात्र त्या पंख्याकडे असा पाहत होता, जसा काही तोच बोहल्यावर उभा आहे.

छिंदवाड्याला मांडवापाशी पोचलो तेव्हा गायी घराकडे वळल्या होत्या आणि भटजींनी अंतरपाट झटकून हातात घेतला होता. दारात अक्का. तिच्या मागे एक अनोळखी गृहस्थ डोक्याला फेटा बांधून तयार. या वेळी शेजारी दुसरे होते.

अक्कानं मधूला वरून खालपर्यंत पाहिलं. सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, केसांत वाळ्याच्या काड्या. तिनं मलाच विचारलं, "त्याले इचार, विहिरीत पडला होता का?"

"नाही अक्का," मधू म्हणाला. "हिटर लावून आलो."

अक्का पुढे झाली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. चारचौघांत. वास वाळ्याचा आणि बर्फीचा निघाला, तेव्हा कुठे तिनं शेजाऱ्याचा फेटा काढून मधूच्या डोक्यावर ठेवला. मग त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. रिकामे होते.

मधूनं भाचीला बोहल्यावर आणलं. अंतरपाट धरला गेला, भटजींनी सूर लावला आणि पहिलंच मंगलाष्टक चालू असताना मांडवातला मोठा कूलर घरघरून थांबला.

वऱ्हाडातली सगळी माणसं तिकडे वळली. वरपक्षातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "अरे, मामा कूलरवाले हायेत म्हणतात नं?" मी मधूकडे पाहिलं. त्याची मान आपोआप वळली, मग खांदा वळला, मग डावा पाय उचलला गेला. अक्का त्याच्या मागेच उभी होती. तिचे डोळे मिटलेले मी पाहिले. पुन्हा तेच होणार, असं ठरवून मिटले होते.

मी उठले. कूलरमागे गेले. कोणाचा तरी पाय अडकून वायर पिनमधून निघाली होती, एवढंच. बोर्डावरचं बटण बंद केलं, अडकित्त्यानं वायर सोलली, पिळली, पिनमध्ये घट्ट बसवली. तिकडे "सावधान" ऐकू आलं. अक्षता टाकायला मी हात वर केला तर मूठ कधीच सुटलेली, तांदूळ कूलरच्या टाकीत तरंगत होते. बटण दाबलं. वारा सुटला आणि त्या वाऱ्यात मला दिसलं, मधू जागच्या जागी उभा होता, भाचीच्या पाठीशी, हात जोडून, कूलरकडे पाठ करून. कूलरवाल्यानं यापेक्षा मोठा त्याग केल्याचं कुठे लिहिलेलं नसेल.

पंगती उठल्यावर अक्का माझ्यापाशी आली. "अक्षता पडल्या तवा तू कुठं होती वं?"

"कूलरमागे."

तिनं माझ्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण ती बाजूला बसली आणि म्हणाली, "सुपारी दे जराशी."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. वरपक्षानं मामाचा मान म्हणून मधूला शाल-नारळ दिला होता. मे महिन्यात लोकरीची शाल. अक्का गाडीपाशी आली, काचेतून आत वाकली आणि थेट त्याच्याकडे पाहून म्हणाली, "मधू, माह्या घरचा कूलर लय आवाज करते. पावसाळ्याच्या आधी एक चक्कर मारजो. अन् येताना पक्कड आणजो."

मधूनं मान हलवली.

घाट उतरताना साहेबिणीला काहीच झालं नाही. पहाटेची हवा अगदी गार होती, सागाची पानं ओलसर वाटत होती. विहिरीवरच्या बाईला बर्फीचा उरलेला गोळा दिला. तिनं तो हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ताप उतरला का वं?" उतरला म्हटलं.

मधूनं शाल अंगावर ओढली. "भाऊजी, थोडा हिटर लावता का? थंडी वाजून राहिली."

ह्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, पायाला ऊब लागली, आणि तिच्यासोबत आत अडकून राहिलेल्या कुठल्यातरी काडीचा वाळ्याचा वास आला.

प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी सावनेरपर्यंत वाट पाहिली. सावनेरचा फाटा आला, ऊन चढलं, मधूनं शाल काढून घडी केली, पंख्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ताई, खस जरा वर बांधलं असतं तर पाणी स्क्रूवर पडलं नसतं."

मी अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला. झाकण मात्र उघडंच राहू दिलं.